दोन-दोन दिसतंय? मग कोणत्या दिशेला, ते आधी बघा: डोळ्याच्या स्नायूंची नऊ दिशांची तपासणी

रामबागची_ओसरी

इंदुरातल्या एका नेत्र रुग्णालयात मी ऑर्थोप्टिक्सचं काम करते. तिरळेपणा, दुहेरी दिसणं, डोळ्याच्या स्नायूंची कमजोरी, यांच्या तपासण्या हेच रोजचं काम. देवास, धार, खरगोनहूनही पेशंट येतात. हातात एमआरआयची मोठी पिशवी, रक्ताच्या रिपोर्टांची फाइल आणि तोंडी एकच वाक्य, 'मॅडम, डबल दिख रहा है.' त्या फाइलमध्ये मेंदूचा कानाकोपरा आलेला असतो, पण कोणत्या बाजूला पाहिलं की दोन चित्रं जास्त लांब जातात ही एक ओळ बहुतेक वेळा कुठेच नसते. ती लिहायला एक पेन, एक टॉर्च आणि पाच-सात मिनिटं लागतात. या ओळीबद्दल आपल्या माणसांना कळावं म्हणून धागा काढतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. दोन दिसत असेल तर एक डोळा हाताने झाका, मग दुसरा झाका. एक डोळा झाकूनही उघड्या डोळ्याला दोनच दिसत असतील, तर प्रश्न सहसा स्नायूंचा नसतो. मोतीबिंदू, चष्म्याचा नंबर, बुबुळाचा वाकडेपणा, कोरडा डोळा असं काहीतरी निघतं. कुठलाही एक डोळा झाकला की दुसरं चित्र गायब होत असेल, तर मात्र दोन डोळ्यांची दिशा जुळत नाहीये. नऊ दिशांची तपासणी अशांसाठी.

आता स्नायू. प्रत्येक डोळ्याला सहा असतात. चार सरळ (रेक्टस), दोन तिरके (ऑब्लिक). लॅटरल रेक्टस डोळा कानाकडे नेतो, मीडियल रेक्टस नाकाकडे. हे दोघे सोपे, एकेकच काम करणारे. उरलेल्या चौघांचं काम डोळा कुठल्या बाजूला वळलेला आहे त्यावर बदलतं, आणि सगळी मेख तिथेच आहे. सुपीरियर (वरचा) आणि इन्फीरियर (खालचा) रेक्टस हे खोबणीच्या मागच्या टोकापासून तिरपे येतात, नजरेच्या रेषेशी साधारण २३ अंशांचा कोन करून. म्हणून डोळा २३ अंश बाहेर वळला की त्यांची ओढ नजरेच्या रेषेत येते आणि ते निव्वळ वर किंवा निव्वळ खाली ओढतात. तिरक्या स्नायूंचा कोन साधारण ५१ अंशांचा, तोही उलट्या बाजूने. डोळा नाकाकडे वळला की तिरक्यांची वर-खाली ओढ पुरी लागते. समोर बघताना सगळे थोडं थोडं काम करत असतात, त्यामुळे एखादा कमजोर असला तरी बाकीचे सांभाळून घेतात आणि बघणाऱ्याला डोळा ठीकच वाटतो. डोळा कोपऱ्यात नेला की सांभाळणारं कुणी उरत नाही.

म्हणून सहा दिशा मुख्य. उजवीकडे, डावीकडे, आणि चार कोपरे. त्यात सरळ समोर, सरळ वर आणि सरळ खाली धरलं की नऊ होतात.

दोन्ही डोळे मिळून बघताना स्नायू जोडीने चालतात. उजवीकडे बघताना उजव्या डोळ्याचा लॅटरल रेक्टस आणि डाव्याचा मीडियल रेक्टस, दोघांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो. एका जुवाखालच्या बैलजोडीसारखं, एकच हाक दोघांना. हा नियम एवाल्ड हेरिंग यांनी १८६८ मध्ये मांडला. यातून पुढचं सगळं निघतं. जोडीतला एक अशक्त असेल तर त्या दिशेला बघताना दुसरा पुढे जातो, हा मागे राहतो, आणि चित्रांमधलं अंतर वाढतं. विरुद्ध दिशेला बघताना अशक्त स्नायूला काम कमी, अंतरही कमी.

जोड्या लिहून ठेवते, कुणाला चाचपायच्या असतील तर. उजवीकडे वर बघताना उजव्याचा सुपीरियर रेक्टस आणि डाव्याचा इन्फीरियर ऑब्लिक. उजवीकडे खाली बघताना उजव्याचा इन्फीरियर रेक्टस आणि डाव्याचा सुपीरियर ऑब्लिक. डावीकडे हेच उलट.

अंतर कुठे वाढतं ते कळलं की संशयित दोनच उरतात. त्यातला नक्की कोण, हे बाहेरचं चित्र सांगतं. अंतर सर्वात जास्त असलेल्या दिशेला पेशंटने बघत राहायचं आणि आपण एकेक डोळा झाकायचा. जो डोळा झाकल्यावर बाहेरचं चित्र नाहीसं होईल, तो डोळा मागे राहणारा. बाहेरचं चित्र म्हणजे उजवीकडे बघताना अगदी उजवीकडचं, खाली बघताना खालचं.

करताना डोकं हलू द्यायचं नाही. हनुवटीला हलका हात लावायचा, पेन हातभर अंतरावर धरायचं आणि हळू न्यायचं, टोकाला पोचल्यावर क्षणभर थांबायचं. खाली बघताना पापण्या बोटाने वर उचलाव्याच लागतात, नाहीतर अर्ध्या तपासण्यांत खालचे कोपरे 'नॉर्मल' लिहून मोकळे होतात. आणि बघायचं ते पेनाकडे नाही. टॉर्चचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्या जागी पडतोय का, आणि बुबुळाच्या कडेला पांढरं किती उरतंय, ते बघायचं. लॅटरल रेक्टस चांगला असेल तर डोळा कानाकडे जाताना पांढरं जवळजवळ दिसेनासं होतं. एका बाजूला पांढऱ्याची फट राहिली तर ती मिलिमीटरमध्ये लिहा.

स्वतःची किंवा घरच्यांची तपासणी करून औषध ठरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही. डॉक्टरांकडे जाताना ती एक ओळ तुमच्याकडे असावी, आणि तपासणीत डोळे नऊ दिशांना फिरवले गेले की नाही हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी.

---

अन्नपूर्णारोड_अश्विनी

ताई, हा धागा अगदी वेळेवर आला. माझ्या आईला गेल्या आठवड्यापासून दोन-दोन दिसतंय. वय ६४, शुगर बरीच वर्षं. घरात टीव्हीला फारसा त्रास नाही, पण बाहेर रस्त्यावर गाड्या दोन-दोन. एका दवाखान्यात गेलो तर चष्म्याचा नंबर बघितला, पडदा बघितला, लगेच एमआरआय लिहून दिला. डोळे इकडेतिकडे फिरवायला कुणी सांगितलंच नाही. आई बोलताना मान थोडी उजवीकडे वळवून बसते, हे मला आत्ता तुमचं वाचून लक्षात आलं. आधी वाटलं कमी ऐकू येतंय म्हणून.

---

रामबागची_ओसरी

अश्विनी, मान उजवीकडे वळवते हे फार मोलाचं निरीक्षण आहे. आज दिवसाउजेडी एवढं करून बघ. समोरच्या भिंतीवर एखादी उभी वस्तू, खिडकीची चौकट किंवा कॅलेंडरची कड, आईला डोकं सरळ ठेवून बघायला सांग. मग डोकं डावीकडे वळवून तीच वस्तू बघायला सांग, म्हणजे नजर उजवीकडे जाईल. मग डोकं उजवीकडे. चित्रं शेजारी-शेजारी आहेत की एकावर एक? कुठे अंतर वाढलं? वाढलेलं असताना उजवा डोळा झाकलास तर कुठलं चित्र गेलं?

उत्तर आल्यावर बोलू. एमआरआय करू नको असं मी म्हणत नाही. तो केव्हा आणि किती घाईने करायचा हे मात्र या उत्तरांवर ठरतं.

दोन गोष्टी आजच बघ. वरची पापणी खाली आलीय का, आणि दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का. बाहुली मोठी असेल तर थांबायचं नाही, तडक मोठ्या रुग्णालयात.

---

जुनीइंदूर_डॉक्टर

ओसरीताईंच्या शेवटच्या ओळीला जोर देतो. मी फिजिशियन आहे.

पापणी, बाहुली आणि डोळ्याचे बहुतेक स्नायू चालवणारी तिसरी नस गेली की पापणी पडते, डोळा बाहेर आणि खाली वळून राहतो. वर, खाली, नाकाकडे जात नाही. मधुमेहात ही नस जाते तेव्हा बाहुली पुष्कळदा शाबूत असते. बाहुली मोठी झाली, उजेडाला आकुंचन पावत नाही, सोबत डोकं दुखतंय, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा येऊन तो नसेवर दाब देत असू शकतो. तो फुटला तर जीव जातो. अशा पेशंटने चष्म्याच्या दुकानात, नंतर ओळखीच्या डॉक्टरकडे, मग सोमवारी ओपीडीत असं करू नये. रात्री असेल तर रात्रीच कॅज्युअल्टीत.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने दोन दिसतंय, कानशिलं दुखतात, जेवताना चावून चावून जबडा दुखतो, असं असेल तर ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या त्याच दिवशी. कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह असला तर उशिरात दृष्टी जाते, आणि गेलेली परत येत नाही.

बाकी बोलणं तुमचं.

---

महूवाला

एक प्रामाणिक शंका. आता एमआरआयमध्ये सगळंच दिसतं म्हणतात. मग पेन फिरवण्याचा एवढा आग्रह कशासाठी? माझ्या भावाचा रिपोर्ट नॉर्मल आला आणि तरी त्याला दोन दिसतंय. आता पुढे काय, कुणी सांगत नाही.

---

रामबागची_ओसरी

महूवालादादा, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. रिपोर्ट नॉर्मल आणि तरी दोन दिसतंय. एमआरआय शरीराची रचना दाखवतो. नसेची बारीक रक्तवाहिनी थोड्या काळासाठी बंद पडली आणि नस काम करेनाशी झाली, तर फिल्मवर बहुतेक वेळा काहीच उमटत नाही. नस आणि स्नायूंच्या सांध्यावर बिघाड असला, मायस्थेनिया म्हणतात तसा, तरी मेंदूची फिल्म स्वच्छच येते. आणि कुठे बघायचं हे रेडिओलॉजिस्टला सांगितलं नसेल तर असलेलंही निसटू शकतं. 'दुहेरी दिसते' असं लिहून पाठवणं आणि 'उजवी सहावी नस, उजवीकडे बघताना डोळा अर्धाच जातो' असं लिहून पाठवणं यात फार फरक आहे. (सहावी नस म्हणजे लॅटरल रेक्टसला जाणारी.) दुसऱ्या चिठ्ठीवर रेडिओलॉजिस्ट त्या नसेचा मार्ग सुरुवातीपासून डोळ्याच्या खोबणीपर्यंत चाळून बघतो.

भावाला मान कुठल्या बाजूला ठेवल्यावर बरं वाटतं? सकाळी आणि संध्याकाळी फरक पडतो का?

---

निवृत्त_मास्तर

मी सराफ्याजवळ राहतो. मागच्या रंगपंचमीला गेर बघून परतताना स्कूटरवरून पडलो. डोक्याला मार, दोन टाके, बाकी काही नाही असं सर्वांनी सांगितलं. पण तेव्हापासून जिना उतरताना पायरीवर पायरी दिसते, एक किंचित तिरपी. पेपर वाचताना ओळी एकमेकींत शिरतात. लांबचं स्वच्छ दिसतं. चष्मे दोनदा बदलले. सून म्हणते, बाबा तुम्ही मान डाव्या खांद्याकडे झुकवून का बसता. मला तर मान सरळच आहे असं वाटतं.

हा तुमच्या तपासणीत बसणारा प्रकार आहे का?

---

रामबागची_ओसरी

मास्तर, तुमचं वर्णन वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही, पण हे चौथ्या नसेच्या कमजोरीचं अगदी ठळक चित्र आहे, आणि तपासणी तुम्ही जरूर करून घ्या.

चौथी नस सुपीरियर ऑब्लिक या एकाच स्नायूला जाते. मेंदूच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारी ही एकच कपाल-नस, आणि कवटीच्या आतला तिचा प्रवास सर्वांत लांब. अंगाने बारीक. म्हणून डोक्याला मार बसला की ती दुखावते, कधी कधी अगदी साध्या माराने. स्नायूसुद्धा वेगळाच. खोबणीच्या पाठीमागून निघतो, नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यात एका कप्पीतून ओवला जातो आणि मागे वळून डोळ्याला चिकटतो. त्यामुळे तो दोन कामं करतो. डोळा नाकाकडे वळलेला असताना खाली ओढणं, आणि डोळ्याचा वरचा भाग नाकाकडे पिळणं. वाचताना आणि जिना उतरताना दोन्ही डोळे खाली, आणि वाचताना नाकाकडेही. म्हणून त्रास नेमका तिथेच, आणि पिळण्याचं काम अर्धवट राहिलं की एक पायरी तिरपी दिसते.

कुठला डोळा हे शोधायला तीन पायऱ्यांची चाचणी आहे, मार्शल पार्क्स यांनी १९५८ मध्ये नीट मांडलेली. समजा सरळ बघताना उजवा डोळा वर आहे. याचा अर्थ एकतर उजव्याला खाली ओढणाऱ्या दोघांतला एक अशक्त, किंवा डाव्याला वर ओढणाऱ्या दोघांतला एक. संशयित चार. आता डावीकडे बघायला लावायचं. तिकडे फरक वाढला तर उरतात दोन, उजव्याचा सुपीरियर ऑब्लिक आणि डाव्याचा सुपीरियर रेक्टस. आता डोकं एकदा उजव्या खांद्याकडे आणि एकदा डाव्या खांद्याकडे झुकवायचं. उजवीकडे झुकवल्यावर उजवा डोळा आणखी वर चढला, तर उजव्याचा सुपीरियर ऑब्लिक. डोकं उजवीकडे झुकलं की उजव्या डोळ्याला आत पिळावं लागतं. ते काम सुपीरियर ऑब्लिक आणि सुपीरियर रेक्टस मिळून करतात. ऑब्लिक थकलेला असला तर रेक्टस एकटा ओढतो, आणि रेक्टस ओढतो म्हणजे डोळा वर जातो. हीच झुकवण्याची चाचणी बिल्शोव्स्कीच्या नावाने ओळखली जाते.

माणूस त्रास टाळायला आपोआप विरुद्ध बाजूला मान झुकवतो. तुमची डावीकडे झुकते, म्हणजे शंका उजव्या डोळ्यावर. खात्री तपासणीत होईल.

एक काम घरी करा. जुना अल्बम काढा. लग्नाचे, शाळेच्या ग्रुप फोटोचे, मुंजीचे फोटो बघा. त्यातही मान डावीकडेच झुकलेली असेल, तर कमजोरी जन्मापासूनची आहे, आजवर डोळ्यांनी सांभाळून घेतली आणि पडल्यानंतर ती उघडी पडली. फोटोत मान सरळ असेल तर प्रकार नवा. डॉक्टरांना फोटो सोबत घेऊन दाखवा. अशा एका फोटोने कित्येक अनावश्यक तपासण्या वाचताना मी पाहिल्या आहेत.

---

निवृत्त_मास्तर

ताई, अल्बम काढला. १९७१ चा शाळेच्या स्टाफचा फोटो आहे. मान सरळ. लग्नातला फोटो, मान सरळ. मुलाच्या मुंजीत सरळ. मागच्या दिवाळीतला सुद्धा सरळ. यंदाच्या गणपतीतला मात्र डावीकडे, आणि चांगली दिसण्याइतकी. सुनेने मोबाइलमध्ये फोटोंचे फोटो काढून ठेवलेत.

---

रामबागची_ओसरी

हेच घेऊन जा मास्तर, आणि पडल्याची तारीख कागदावर लिहा. जिना उतरताना कठडा धरा, आणि तात्पुरता एक डोळा झाकून उतरा. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर डॉक्टरांना सांगा; खालच्या भागातून बघायला लागतं म्हणून त्रास वाढतो. वाचायला वेगळा साधा चष्मा पुष्कळांना सोयीचा पडतो.

---

पलासिया_पल्लवी

माझ्या मावसबहिणीचं सांगते. तिला सकाळी सगळं ठीक, पोहे-जिलेबी खाऊन कॉलेजला गेली की दुपारपर्यंत ठीक, आणि चार वाजल्यानंतर एक पापणी खाली यायला लागायची आणि दोन दिसायचं. कधी आडवं, कधी उभं. दर वेळी तपासणीत वेगळीच दिशा निघायची. एका ठिकाणी तर सांगितलं की मुलगी नाटक करून राहिलीये, परीक्षेचं टेन्शन आहे. आई-वडिलांनी ते खरं मानलं, हे मला अजून सलतं.

नंतर एका डॉक्टरांनी तिला वर छताकडे एकटक बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापणी हळूहळू खाली आली, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मग हातमोज्यात बर्फ घालून पापणीवर दोन मिनिटं ठेवला. काढला तर पापणी वर! आईला रडूच आलं.

---

रामबागची_ओसरी

पल्लवी, तुझ्या बहिणीवर अन्याय झाला. दर वेळी वेगळी दिशा निघते म्हणजे पेशंट खोटं बोलतोय असा अर्थ काढणं चूक आहे. कुठल्याही एका नसेत न बसणारी, दिवसागणिक बदलणारी कमजोरी दिसली की पहिलं नाव मायस्थेनियाचं घ्यावं.

नस स्नायूला जो रासायनिक निरोप देते, तो घेणारी ठिकाणं शरीराच्याच प्रतिपिंडांनी अडवलेली असतात. पहिल्या हुकमाला स्नायू उठतो, पुन्हा पुन्हा हुकूम दिला की थकतो. म्हणून नऊ दिशा फिरवून झाल्यावर एक दिशा धरून ठेवणं, विशेषतः वर, हा तपासणीचा भागच असायला हवा. गारव्यात निरोप पोचवण्याचं काम सुधारतं, म्हणून बर्फाने पापणी वर येते. दोन मिलिमीटर किंवा जास्त उचलली तर चाचणी होकारार्थी धरतात. यात बाहुली कधीच बिघडत नाही, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी.

एक गोष्ट सांगते, कारण यावर लोक फसतात. आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर प्रतिपिंडांची रक्ततपासणी जवळपास निम्म्या लोकांत नकारार्थी येते. तेवढ्यावर आजार नाही असं म्हणता येत नाही. बहिणीच्या छातीचा सीटी झाला का? थायमस ग्रंथी बघावी लागते. आणि गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास वाटला तर वाट न बघता रुग्णालय.

---

पलासिया_पल्लवी

सीटी झाला, ग्रंथी ठीक आहे. गोळ्या सुरू आहेत, कॉलेजला जातेय. तुमचं उत्तर तिच्या आईला वाचून दाखवलं.

---

ऑप्टोम_तिसरं_वर्ष

ताई, मी इथेच ऑप्टोमेट्री करतोय. एक गोंधळ कायम होतो. पुस्तकात सुपीरियर ऑब्लिकचं काम लिहिलंय डोळा खाली आणि बाहेर नेणं. आणि तपासणी मात्र खाली आणि आत. परीक्षेत नेहमी इथे मार्क जातात. आणि हेस चार्ट वाचताना नक्की काय बघायचं?

---

रामबागची_ओसरी

खूप जणांना हे अडतं. पुस्तकात लिहिलंय ते डोळा सरळ समोर असताना तो स्नायू एकट्याने आखडला तर काय होईल, ते. तपासणीत आपण विचारतोय वेगळंच: खाली नेण्याचं काम दुसऱ्या कुणाकडून न करून घेता याच्याकडून कुठे करून घेता येईल? डोळा बाहेर असताना खाली न्यायला इन्फीरियर रेक्टस समर्थ आहे, तिथे ऑब्लिकची परीक्षा होत नाही. डोळा नाकाकडे नेला की रेक्टसची ओढ तिरपी पडते, आणि खाली न्यायचा भार ऑब्लिकवर येतो. लेबलवरचं काम आणि तपासणीची जागा या दोन गोष्टी वेगळ्या ठेव. डोळ्याचं चित्र वरून काढ, २३ आणि ५१ चे कोन आख. पाठांतर करावं लागणार नाही.

हेस चार्टसाठी पेशंटला लाल-हिरवा चष्मा लावतो, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळं दिसतं. एक डोळा ठरलेल्या ठिपक्यावर, दुसरा जिथे आहे तिथे पेशंट खूण करतो. मग डोळे अदलाबदल. दोन चौकोन मिळतात. लहान चौकोनाचा डोळा कमजोर, आणि चौकोन जिथे सर्वांत जास्त आत दबलाय ती अशक्त स्नायूची दिशा. दुसऱ्या डोळ्याचा चौकोन त्याच जोडीच्या दिशेला फुगलेला असतो. अशक्त डोळ्याने बघायचा प्रयत्न केला की हुकूम जास्त जोराचा जातो, आणि तोच जोर चांगल्या डोळ्यालाही मिळतो. म्हणून कव्हर टेस्टमध्ये, म्हणजे एकेक डोळा झाकून बघण्याच्या तपासणीत, अशक्त डोळ्याने बघताना विचलन जास्त निघतं. हे प्रिझमने, म्हणजे चित्र सरकवणाऱ्या काचेने, दोन्ही बाजूंनी मोज. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर सरकणं. जुनी कमजोरी असेल तर कालांतराने दोन्ही चौकोन एकमेकांसारखे होत जातात, आणि तेव्हा मूळ डोळा ओळखणं खरंच कठीण.

हा चार्ट काढणारे वॉल्टर हेस स्वित्झर्लंडचे, आधी नेत्रतज्ज्ञ होते. पुढे मेंदूवरच्या कामाला १९४९ चं नोबेल मिळालं.

आणखी एक, हे पुढे कामाला येईल. डोळा जात नाही म्हणजे नेहमी स्नायू अशक्तच असतो असं नाही. थायरॉइडच्या आजारात इन्फीरियर रेक्टस सुजून ताठ होतो आणि डोळा वर जाऊ देत नाही. खोबणीचं खालचं हाड मोडून स्नायू अडकला तरी तसंच. बाहेरून दिसतं वर नेणारा अशक्त, असतो खालचा आखडलेला. भूल देऊन चिमट्याने डोळा हलवून बघतात. अडला तर आखडलेला, मोकळा फिरला तर अशक्त.

---

आरूची_आई

आमचा आरू दीड वर्षाचा आहे. फोटोत एक डोळा आत वाटतो. इतक्या लहान मुलाला नऊ दिशा कशा बघायला लावणार? तो तर टॉर्च दिसला की हातच घालतो.

---

रामबागची_ओसरी

हात घालू दे, तेवढीच त्याची नजर धरून राहते. आम्ही आवाज न करणारं लहान खेळणं किंवा चमकणारं स्टिकर घेतो. आवाजाचं असेल तर मूल डोळ्याऐवजी मान वळवतं. आई मांडीवर घेऊन बसते, डोकं हलकेच धरते. खेळणं एका दिशेला गेलं, डोळे गेले, झालं; मग दुसरं खेळणं, कारण पहिल्याचा कंटाळा आलेला असतो. नऊ दिशा एका बैठकीत मिळाल्याच पाहिजेत असं नाही. जे दिसलं ते लिहायचं, उरलेलं पुढच्या वेळी. डोळा कानाकडे जात नाही अशी शंका आली तर एक डोळा झाकून बघतो, किंवा मुलाला उचलून गर्रकन फिरवतो. फिरताना डोळा जर पुरा कानाकडे गेला तर नस ठीक आहे.

काही बाळांची नाकाजवळची त्वचा रुंद असते, त्यामुळे पांढरं झाकलं जातं आणि डोळा आत आहे असं वाटतं. फोटोत फ्लॅशचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत एकाच जागी असेल तर बहुधा तसंच. पण आरूला दाखवाच. 'मोठा झाला की आपोआप जाईल' हे खऱ्या तिरळेपणात खरं नसतं. मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकायला शिकतो, आणि वय वाढलं की ते परत शिकवणं अवघड होत जातं.

---

अन्नपूर्णारोड_अश्विनी

ताई, केलं. चित्रं शेजारी-शेजारी. नजर उजवीकडे गेली की खिडकी चांगली हातभर लांब जाते. डावीकडे एकच. उजवा डोळा झाकला तर अगदी उजवीकडचं चित्र जातं, दोन्ही वेळा तसंच. पापणी ठीक, बाहुल्या सारख्या. डोकं दुखत नाही, जबडाही नाही. तुमचा मजकूर कागदावर लिहून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी वाचलं, मग स्वतः पेन धरून सगळ्या दिशा फिरवल्या आणि म्हणाले उजवी सहावी नस. पडद्यामागच्या नसेला सूज नाही हेही बघितलं. शुगर २८० निघाली, बीपीही वाढलेलं. साखर आणि बीपी आटोक्यात आणा, सहसा तीन महिन्यांत सुधारतं, एमआरआय कधी ते दर भेटीत बघून ठरवू, वाढलं किंवा नवीन काही झालं तर लगेच, असं सांगितलंय.

आता तोवर काय? आईला चक्कर येते दोन दिसल्यामुळे. कुठला डोळा झाकायचा?

---

जुनीइंदूर_डॉक्टर

सहाव्या नसेच्या बाबतीत पडद्यामागच्या नसेची सूज बघितली हे उत्तम केलं. कवटीतला दाब वाढला तरी ही नस लंगडी पडते. पुढच्या महिन्यात पुन्हा बघून घ्या. गाडी चालवायची नाही.

---

रामबागची_ओसरी

अश्विनी, छान काम केलंस. झाकण्यासाठी काळी पट्टी नको, चष्म्याच्या एका काचेला आतून दुधी टेप लाव. उजेड येतो, चित्र येत नाही, आणि माणूस विचित्र दिसत नाही म्हणून आई लावून ठेवेल. मोठ्या माणसात कुठलाही डोळा झाकला तरी चालतो. उजव्या काचेला लावलीस तर आईला चालताना बरं वाटेल, कारण चांगला डोळा बघत राहील. अधूनमधून बदललीस तरी हरकत नाही. पायऱ्या उतरताना पहिले काही दिवस कुणीतरी सोबत असू दे. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो.

काचेचा फक्त बाहेरचा, म्हणजे कानाकडचा उभा पट्टा झाकूनही काहींचं भागतं, कारण त्रास उजवीकडेच आहे. तेवढाच पट्टा लावून बघ. समोर बघतानाही दोन दिसत राहिलं तर तात्पुरता चिकटवायचा प्रिझम मिळतो, पण अंतर दर आठवड्याला बदलतंय तोवर त्याची घाई करू नका.

आणि दर रविवारी, त्याच खुर्चीवरून तीच खिडकी. नजर उजवीकडे नेली की चित्रं किती लांब जातात ते वहीत लिही, तारखेसकट. पुढच्या भेटीला ती वही घेऊन जा.